कर्नलच्या जिटमध्ये छोटे हेल्पर इनलाइन होतात म्हणे, मग माझ्या डंपमध्ये कॉल अजून का दिसतोय?

निळीशाई

नमस्कार मंडळी, बरेच दिवस वाचनमात्र होते, आज अडले म्हणून धागा काढतेय.

एक्सडीपीवर (पॅकेट आल्याआल्या प्रोग्रॅम चालवायची कर्नलमधली जागा) चालणारा एक छोटा बीपीएफ (कर्नलच्या आत चालणारा) प्रोग्रॅम लिहिलाय. काम साधं आहे. पॅकेट आलं की हेडर बघायचे, प्रोटोकॉलप्रमाणे काउंटर वाढवायचा आणि पॅकेट पुढे सोडायचं. काउंटर प्रत्येक सीपीयूचे वेगळे ठेवलेत त्यामुळे 'मी आत्ता कुठल्या सीपीयूवर चालतोय' हे विचारणारा बीपीएफ_गेट_एसएमपी_प्रोसेसर_आयडी हा हेल्पर, म्हणजे बीपीएफ प्रोग्रॅमला बोलावता येणारं कर्नलचं फंक्शन, (पुढे नुसतं आयडी हेल्पर म्हणते) सहा ठिकाणी वापरलाय. शिवाय सेटिंगसाठी एकाच नोंदीचा एक ॲरे मॅप (क्रमांकाने शोधायचा कर्नलमधला तक्ता) आहे, तो दर पॅकेटला लुकअप होतो.

वाचलं होतं की ६.१० कर्नलपासून आयडी हेल्पर इनलाइन होतो, म्हणजे कॉल जाऊन त्याच्या जागी दोन-तीन इन्स्ट्रक्शन येतात. माझ्या एक्स८६ लॅपटॉपवर बीपीएफटूलने एक्सलेटेड डंप काढला तर खरंच कॉल गायब. पण प्रोग्रॅम जिथे चालवायचाय त्या आर्म६४ बोर्डवर, कर्नल त्याहून नवा असूनही, सहाच्या सहा कॉल जसेच्या तसे! आणि गंमत म्हणजे लॅपटॉपवर कॉल गेले तरी फरक म्हणावा तसा जाणवत नाहीये.

तर दोन प्रश्न. आर्मवर इनलाइन का होत नाहीये? आणि जिथे होतंय तिथे फायदा का दिसत नाहीये?

टाचणी

वाचतेय. मलाही आर्मवर हेच दिसलं होतं आणि मी सोडून दिलं होतं.

अर्धविराम

निळीशाई, पहिल्या प्रश्नाचं उत्तर सोपं आहे, तुम्ही चुकीच्या खिडकीतून बघताय. एक्सलेटेड (तपासणीनंतरचा बाइटकोड) ऐवजी जिटेड (जिटने त्या बाइटकोडचा बनवलेला मशीन कोड) डंप काढा.

हेल्पर दोन वेगळ्या ठिकाणी इनलाइन होऊ शकतो. एक व्हेरिफायरच्या (लोड होताना प्रोग्रॅम सुरक्षित आहे का ते तपासणारा कर्नलचा भाग) शेवटी. तपासणी संपली की व्हेरिफायर बाइटकोडमध्ये डागडुजी करतो, तिथेच कॉलची एक इन्स्ट्रक्शन काढून तिच्या जागी दुसऱ्या बीपीएफ इन्स्ट्रक्शन बसवतो. एक्स८६ वर आयडी हेल्परचं असं होतं: पत्ता आर-० मध्ये (बीपीएफचं उत्तराचं रजिस्टर), तो पर-सीपीयू पत्त्यात बदलायचा, तिथून ३२ बिट वाचायचे. तीन इन्स्ट्रक्शन. हे बाइटकोडमध्येच झाल्यामुळे एक्सलेटेड डंपमध्ये दिसतं.

दुसरं ठिकाण म्हणजे खुद्द जिट. आर्म६४ वर बाइटकोडमध्ये कॉल तसाच राहतो आणि मशीन कोड लिहिताना जिट म्हणतो 'हा आयडी हेल्पर का, हा मी स्वतः करतो'. आर्मवर चालू टास्कचा पॉइंटर एसपी_ईएल० या सिस्टिम रजिस्टरमध्ये असतो, तो एका एमआरएसने वाचायचा आणि त्यातून सीपीयू नंबर लोड करायचा. दोन इन्स्ट्रक्शन, झालं काम. रिस्क-फाइव्हचा जिटही हेच करतो, तिथे तर पॉइंटर टीपी रजिस्टरमध्ये आयताच असतो. पण एक्सलेटेड डंप जिटच्या आधीचा असल्यामुळे तिथे कॉल दिसत राहणार.

दुसऱ्या प्रश्नासाठी जिटेड डंप इथे टाका, मग बोलू.

मंद्र

मी या विषयात नवीन आहे. बाळबोध प्रश्न विचारतो, कॉल इतका महाग असतो का? प्रोसेसर तर कॉल-रिटर्नचा अंदाज आधीच बांधतो ना?

अर्धविराम

@मंद्र, अजिबात बाळबोध नाही, सगळ्या धाग्याचा गाभा तोच आहे.

नुसती कॉल इन्स्ट्रक्शन महाग नसते. एक्स८६ वर हेल्परला जाणारा कॉल सरळ असतो, पाच बाइट, पत्ता आत कोरलेला. आर्म६४ वर बीएल इन्स्ट्रक्शनची उडी १२८ एमबीपर्यंतच जाते आणि जिटची मेमरी हेल्परपासून त्याहून लांब असू शकते, म्हणून जिट आधी तीन इन्स्ट्रक्शनमध्ये पूर्ण पत्ता एका रजिस्टरमध्ये जमवतो, मग बीएलआर मारतो. परत आल्यावर उत्तर एक्स-० मध्ये असतं पण बीपीएफचा आर-० आर्मवर एक्स-७ मध्ये राहतो, म्हणून आणखी एक मूव्ह. म्हणजे नुसतं जाऊन यायला कॉलच्या जागी पाच इन्स्ट्रक्शन, आणि पलीकडे हेल्परचा स्वतःचा येण्या-जाण्याचा खर्च वेगळा. त्या दोन इन्स्ट्रक्शनच्या कामासाठी. घोड्यापेक्षा लगाम जड म्हणतात ना, तसं.

पण हेही सगळं नाही. मोठा खर्च कॉलच्या आजूबाजूला असतो, तो जिटेड डंप आला की दाखवतो.

जुना_खांब

इतिहास थोडा सांगतो, कारण 'इनलाइन कुठे करायचं' हा वाद या कोडमध्ये पहिल्यापासून आहे.

मूळ बीपीएफ मॅकॅन आणि जेकबसन यांचं, १९९३ च्या युझेनिक्स परिषदेतला निबंध. दोन रजिस्टर, ए आणि एक्स, आणि सोळा शब्दांची छोटी मेमरी, बस. लिनक्समध्ये त्याला एक्स८६ चा जिट एरिक ड्युमाझे यांनी २०११ मध्ये दिला, ३.० मध्ये. त्या जिटमध्ये पॅकेटमधून शब्द वाचायला हाताने लिहिलेले असेंब्लीचे तुकडे होते, सोपी केस तिथल्या तिथे आणि अवघड केस सी फंक्शनकडे. म्हणजे कल्पना तेव्हाही हीच. मग २०१४ मध्ये स्टारोवॉयटोव्ह आणि बोर्कमन यांच्या कामातून आजचं बीपीएफ आलं, आर-० ते आर-९ आणि फक्त वाचायचा आर-१०, आणि प्रत्येक आर्किटेक्चरच्या जिटमध्ये ते पॅकेट वाचायचे तुकडे पुन्हा वेगवेगळे लिहिले गेले. प्रत्येकाची तऱ्हा वेगळी, प्रत्येकाचे बग वेगळे.

२०१८ मध्ये, ४.१८ ला, बोर्कमन यांनी ते सगळं जिटमधून उपटून काढलं आणि त्याऐवजी साध्या बीपीएफ इन्स्ट्रक्शनचा एक क्रम बाइटकोडमध्येच बसवायला सुरुवात केली. एकदा लिहा, सगळ्या जिटना मिळेल. मला विचाराल तर तीच बरोबर जागा आहे. जिटमध्ये करायचं ते फक्त जे बीपीएफच्या भाषेत सांगताच येत नाही, जसं एसपी_ईएल० वाचणं.

शून्यवेळ

+१ जुना_खांब. पण मी आणखी पुढे जाऊन म्हणेन की मुळात इनलाइन करणं हेच जपून करायला हवं. लोक विसरतात की हा कोड व्हेरिफायर तपासत नाही. तपासणी आधी संपलेली असते आणि मग त्यात नव्या इन्स्ट्रक्शन घुसवल्या जातात. तिथे एक आकडा चुकला तर पकडणारं कुणी नाही.

कंसात_कंस

@शून्यवेळ यांनी म्हटलं ते मी स्वतः भोगलंय म्हणून सविस्तर लिहितो.

ॲरे मॅपचा लुकअप ४.१२ पासून (२०१७) इनलाइन होतो. क्रम असा: मॅपच्या पत्त्यात डेटापर्यंतचं अंतर मिळवा, की (key, शोधायचा क्रमांक) मधून इंडेक्स आर-० मध्ये वाचा, इंडेक्स एकूण नोंदींइतका किंवा जास्त असेल तर तीन इन्स्ट्रक्शन सोडून उडी मारा, नाहीतर शिफ्टने इंडेक्स गुणिले आकार करा, त्यात पत्ता मिळवा, मग एक इन्स्ट्रक्शन ओलांडून बाहेर पडा. जी ओलांडली ती शेवटची, 'आर-० मध्ये शून्य टाका', म्हणजे नल. सात इन्स्ट्रक्शन. अधिकार नसलेल्या युजरच्या प्रोग्रॅमसाठी स्पेक्टरमुळे (प्रोसेसर अंदाजाने पुढचा कोड चालवतो त्यातली सुरक्षेची त्रुटी) मध्ये एक मास्कची अँड इन्स्ट्रक्शन जास्त येते आणि मग उडी तीनऐवजी चारची.

मी आमच्या अंतर्गत कर्नलमध्ये एका मॅप प्रकाराला हेच द्यायला गेलो. क्रमात एक इन्स्ट्रक्शन वाढवली आणि उडीचा आकडा तीनच ठेवला. आता काय झालं बघा. इंडेक्स मर्यादेत असेल तर सगळं उत्तम, सगळ्या टेस्ट हिरव्या. मर्यादेबाहेर असेल तर उडी 'शून्य टाका' वर पडायच्या ऐवजी त्याच्या एक आधी पडते, आणि तिथे काय आहे? 'एक ओलांडून बाहेर पडा'. म्हणजे शून्य टाकणं राहूनच जातं आणि आर-० मध्ये उरतो नुसता इंडेक्स. प्रोग्रॅमची नल तपासणी पास, कारण ३०० काही शून्य नाही! मग प्रोग्रॅमने तो पॉइंटर समजून वाचला आणि मशीन आडवं. ऊप्सच्या (कर्नल कोसळल्याचा संदेश) ओळीत पत्ता होता बरेचसे शून्य आणि शेवटी १२सी. मी तासभर त्या पत्त्याकडे बघत होतो, मग दशमानात करून बघितला, ३००. माझा मॅप २५६ नोंदींचा आणि टेस्ट ट्रॅफिकमध्ये की ३००. त्या क्षणी सगळं लख्ख दिसलं.

तेव्हापासून असा क्रम लिहिला की आधी कागदावर इन्स्ट्रक्शनना नंबर घालतो आणि प्रत्येक उडीचं बोट कुठे पोचतं ते मोजतो. आणि टेस्टमध्ये पहिली केस मर्यादेबाहेरची.

मंद्र

बापरे. १२सी लक्षात राहील.

पायवाट

मी दुसऱ्या बाजूने बोलते. माझं काम चालू सिस्टिममध्ये काय चाललंय ते शोधणं. हेल्पर फंक्शन असतं तेव्हा मी त्यावर केप्रोब किंवा एफएंट्री (फंक्शन बोलावलं की नोंद घेणारे प्रोब) लावून मोजू शकते की कोण किती वेळा बोलावतंय. इनलाइन झालं की ते फंक्शन कुणी बोलावतच नाही, माझा प्रोब शून्य दाखवतो आणि मी दोन तास चुकीच्या दिशेने शोधत बसते. ॲरे लुकअपच्या बाबतीत माझं हे झालंय. मोजणी शून्य आली, मला वाटलं प्रोग्रॅम चालतच नाहीये, म्हणून लोड झालाय का, जोडला गेलाय का सगळं तपासलं. प्रोग्रॅम ठणठणीत चालू होता.

माझं म्हणणं असं नाही की इनलाइन करू नका. पण जो कुणी करतो त्याने 'हा हेल्पर आता ट्रेस करता येणार नाही' हे पॅचच्या वर्णनात एका ओळीत लिहावं. एवढंच.

टाचणी

पायवाटताई, +१००.

शून्यवेळ

आणि कोडचा आकार? हेल्पर एका जागी असतो तेव्हा तो एकदा इन्स्ट्रक्शन कॅशमध्ये आला की सगळे प्रोग्रॅम तोच वापरतात. सात इन्स्ट्रक्शनचा लुकअप चाळीस जागी चिकटवला की चाळीस प्रती. शिवाय बाइटकोड फुगला की उड्या लांबतात, साध्या उडीचं अंतर १६ बिटात मावायला हवं, ती ३२ बिटांची लांब उडी ६.६ मध्ये आली. मोठ्या प्रोग्रॅममध्ये हे खरंच आडवं येऊ शकतं.

अर्धविराम

मान्य आहे, म्हणूनच कर्नलमध्ये सरसकट सगळं इनलाइन केलेलं नाही, आणि काय केलं नाही ते बघण्यासारखं आहे.

हॅश मॅपचा लुकअप घ्या. त्याचा हॅश काढणं, बकेट चालणं हे काहीच इनलाइन होत नाही. बाइटकोडमध्ये आतल्या लुकअप फंक्शनला थेट कॉल जातो आणि परत आल्यावर नल तपासून पॉइंटर व्हॅल्यूपर्यंत सरकवणं एवढंच बाहेर काढलंय. मधला पॉइंटरमार्गे जाणारा कॉल वाचतो, आणि २०१८ च्या जानेवारीत स्पेक्टर आणि रेटपोलीन (त्यावरचा कंपायलरमधला उपाय) आल्यापासून असे कॉल चांगलेच महाग झाले. उरलेलं मोठं काम जिथे आहे तिथेच राहू दिलंय. मला ही रेघ अतिशय शहाणपणाची वाटते.

किंवा वेळ सांगणारा केटाइम_गेट_एनएस. छोटा वाटतो, पण आत घड्याळ वाचताना मध्येच कुणी बदललं तर पुन्हा वाचायचा लूप आहे, आणि घड्याळाचा सोर्स कुठला हे चालू असतानाच ठरतं. त्याला हात लावू नये. जिफीजवाला (कर्नलच्या टायमरचे ठोके सांगणारा हेल्पर) मात्र नुसता एक मेमरीचा आकडा वाचतो, तो २०२० पासून इनलाइन आहे.

बीपीएफ_लूप (दिलेलं कॉलबॅक फंक्शन ठरावीक वेळा चालवणारा हेल्पर) ६.० पासून इनलाइन होतो तो कॉल वाचवायला नाही, तर प्रत्येक फेरीला होणारा कॉलबॅकचा इनडायरेक्ट कॉल वाचवायला. म्हणजे 'छोटा आहे म्हणून इनलाइन' हा नियमच अपुरा आहे, कॉलमुळे नेमकं काय गमावतोय ते बघावं लागतं.

निळीशाई

किती छान माहिती! जिटेड डंप काढला. अर्धविराम, तुम्ही म्हणालात तसंच आहे, आर्मवर एमआरएस आणि लोड, सहा जागी, कॉल नाही. पहिला प्रश्न सुटला. 🙏

पण मग दुसरा आणखीच पडतो. पूर्ण डंप मोठा आहे म्हणून एकच जागा टाकते, शब्दात लिहिते: स्टॅकवर एक स्टोअर, परत एक स्टोअर, एमआरएस, लोड, मग स्टॅकवरून दोन लोड. सहातल्या चार जागी असंच. एक्स८६ वरही तेच, तीन इन्स्ट्रक्शनच्या आधी आणि नंतर स्टॅकवर ये-जा. हे कोण घालतंय? इनलाइन झाल्यावर याची गरजच काय?

अर्धविराम

हेच! याचीच वाट बघत होतो.

हे क्लँग (तुमचा सी कंपायलर) घालतंय, आणि त्याच्या दृष्टीने ते बरोबर आहे. बीपीएफचा करार असा की कॉल झाला की आर-१ ते आर-५ गेले असं समजायचं, आर-६ ते आर-९ टिकतात. तुमच्याकडे कॉलच्या पलीकडे जिवंत राहणाऱ्या गोष्टी किती? पॅकेटची सुरुवात, पॅकेटचा शेवट, कॉन्टेक्स्ट, हेडरचं अंतर, प्रोटोकॉल, सेटिंगचा पॉइंटर. सहा झाल्या. टिकाऊ रजिस्टर चार. उरलेल्या दोन स्टॅकवर.

आता कर्नल हे सगळं नंतर बघतो. क्लँगने तुमच्या मशीनवर कंपाइल करताना रजिस्टर वाटून टाकले, फाइल बनली, ती कर्नलकडे गेली, व्हेरिफायरने तपासली, आणि मग कुठे कॉल काढून तीन इन्स्ट्रक्शन आल्या. त्या तीन इन्स्ट्रक्शन आर-० सोडून कशालाच धक्का लावत नाहीत, पण हे क्लँगला कळणार कसं, तो तर केव्हाच निघून गेला. साध्या सी कंपायलरमध्ये इनलाइन आधी होतं आणि रजिस्टर नंतर वाटतात, म्हणून तिथे इनलाइनचा खरा फायदा मिळतो. इथे क्रम उलटा आहे. कॉल गेला पण कॉलसाठी केलेली बांधाबांध तशीच राहिली.

मंद्र

अच्छा!! म्हणजे पाहुणे येणार नाहीत हे कळलं पण अंथरुणं आधीच घालून झाली होती.

अर्धविराम

@मंद्र अगदी तसंच.

आणि यावर उपायही आलाय. क्लँगमध्ये बीपीएफ_फास्टकॉल नावाचं ॲट्रिब्यूट आहे. हेल्परच्या घोषणेवर ते असलं की क्लँग धरून चालतो की या कॉलने आर-१ ते आर-५ पैकी आर्ग्युमेंटसाठी न वापरलेल्यांना धक्का लागत नाही, आणि त्याप्रमाणे रजिस्टर वाटतो. पण जुन्या कर्नलवर तर खरा कॉल होणार, तिथे ते रजिस्टर जाणारच. म्हणून क्लँग कॉलच्या अगदी अंगाला चिकटून, आधी स्टोअर आणि नंतर त्याच जागेवरून लोड, अशी ठराविक नक्षी घालतो. नवा व्हेरिफायर ती नक्षी ओळखतो, हा हेल्पर आपण किंवा आपला जिट इनलाइन करणार आहे हे त्याला माहीत असतं, त्यामुळे ते स्टोअर-लोड पुसून टाकतो. जुना कर्नल काही पुसत नाही, प्रोग्रॅम थोडा हळू पण बरोबर चालतो. एकच फाइल दोन्हीकडे. मला हे डिझाइन फार आवडतं, कुणालाही काही तोडावं लागलं नाही.

निळीशाई, तुमचा क्लँग आणि लिबबीपीएफची (बीपीएफची लायब्ररी) हेडर फाइल जुनी असणार. दोन्ही नवी घ्या, आयडी हेल्परच्या घोषणेवर ते ॲट्रिब्यूट आपोआप येतं.

शून्यवेळ

हे मला माहीत नव्हतं. माझा विरोध थोडा मवाळ करतो. पण मग ही करारातली नवी जबाबदारी झाली ना? उद्या कुणी त्या इनलाइन क्रमात तात्पुरतं म्हणून आर-१ वापरलं तर ज्यांनी फास्टकॉल धरून कंपाइल केलंय त्या सगळ्यांच्या व्हॅल्यू बिघडतील, आणि तेही गुपचूप.

कंसात_कंस

बरोबर आहे तुमचं, आणि म्हणूनच हे ॲट्रिब्यूट मोजक्याच फंक्शनना दिलंय. आयडी हेल्पर आणि कास्ट करणारे दोन केफंक (हेल्परसारखीच बीपीएफला बोलावता येणारी कर्नल फंक्शन), ज्यांचं काम शेवटी 'आर-० बरोबर आर-१' एवढंच असतं. जिटना लागलं तर स्वतःचं वेगळं रजिस्टर असतं, आर्मवर बीपीएफच्या नकाशात नसलेली बरीच रजिस्टर मोकळी आहेत, तात्पुरतं काम तिथे होतं. ॲरे लुकअपला मात्र हे दिलेलं नाही.

जुना_खांब

यावरून आठवलं, २०२४ मध्ये आणखी एक प्रस्ताव आला होता. कर्नलमधले काही केफंक बीपीएफ बाइटकोडमध्येही कंपाइल करून ठेवायचे आणि व्हेरिफायरने त्यांचं शरीरच प्रोग्रॅममध्ये चिकटवायचं. म्हणजे हाताने इन्स्ट्रक्शन मोजत बसायला नको, कंसात_कंस यांचा १२सी टळला असता. शिवाय आर्ग्युमेंट ठरलेलं असेल तर नको त्या फांद्या छाटता येतात. मला दिशा म्हणून ते जास्त पटतं. हाताने लिहिलेला प्रत्येक क्रम म्हणजे सी कोडची दुसरी प्रत, एक बदलला की दुसरा बदलायचा राहतो.

शून्यवेळ

त्याने व्हेरिफायर आणखी फुगेल. तो आधीच कर्नलमधल्या सगळ्यात अवघड फाइलींपैकी एक आहे.

जुना_खांब

फुगेल. पण अवघड गोष्ट एका जागी असलेली बरी की दहा जिटमध्ये विखुरलेली? मी २०१८ च्या आधीचे जिट वाचलेत, मला पहिलं चालेल.

पायवाट

तुम्हा दोघांचा हा वाद मागच्याही धाग्यावर झाला होता, निळीशाईंचा प्रश्न राहून जाईल. 🙂

निळीशाई, मला एक सांगा, आयडी हेल्पर सहा वेळा का लागतो? प्रोग्रॅम चालू असताना सीपीयू बदलत नाही, कर्नल मायग्रेशन बंद ठेवतो. एकदा विचारा, व्हेरिएबलमध्ये ठेवा.

निळीशाई

मला वाटलं कंपायलर ते स्वतःच करेल. सारखाच कॉल, सारखंच उत्तर.

पायवाट

नाही करू शकत. क्लँगसाठी हेल्पर म्हणजे बंद डबा. दरवेळी वेगळं उत्तर येऊ शकतं, मेमरीत काही बदलूही शकतं असंच त्याला धरावं लागतं. साध्या सी मध्ये फंक्शनचं शरीर समोर असतं म्हणून तो सहाचे एक करतो, इथे शरीर कर्नलमध्ये आहे. त्यामुळे इथे हे काम आपलं.

आणि तो एका नोंदीचा सेटिंग मॅप काढा. ५.२ पासून ग्लोबल व्हेरिएबल चालतात, लोड होताना पत्ता थेट इन्स्ट्रक्शनमध्ये बसतो. लुकअप नाही, नल तपासणी नाही. इनलाइन केलेला लुकअप सात इन्स्ट्रक्शनचा, हा शून्य. सेटिंग लोड झाल्यावर बदलणार नसेल तर ते कॉन्स्ट व्होलाटाइल करून फक्त-वाचनीय सेक्शनमध्ये टाका. मग व्हेरिफायरला त्याची किंमत आधीच कळते आणि बंद असलेल्या फांद्या तो कोडमधून काढूनच टाकतो.

टाचणी

शेवटचं वाक्य मी लगेच करून बघितलं. डीबगची पूर्ण फांदी डंपमधून गेली. थँक्यू!

निळीशाई

चार दिवसांनी धागा वर काढतेय, कारण काय झालं ते सांगायलाच हवं.

टप्प्याटप्प्याने केलं म्हणजे कशाने काय झालं ते कळेल. आधी फक्त क्लँग आणि हेडर नवे घेतले, कोडला हात नाही. आयडी हेल्परभोवतीची स्टॅकची ये-जा दोन्ही मशीनवरून पूर्ण गेली. आर्मवर एक्सलेटेडमध्ये कॉल अजून दिसतो पण त्याला चिकटलेले स्टोअर-लोड दिसत नाहीत, ते बघून फार आनंद झाला.

मग सहाचे एक केलं. मग सेटिंग फक्त-वाचनीय केलं. माझ्याकडे एक 'तपशीलवार मोजणी' चालू-बंद करायचं सेटिंग होतं, ते बंद असताना त्या फांदीतले अर्धे काउंटरच कोडमधून नाहीसे झाले. सगळ्यात मोठा फरक याच टप्प्यात दिसला, आयडी हेल्पर इनलाइन होण्यात नव्हे.

मोजायला बीपीएफ_स्टॅट्स_एनेबल्ड चालू करून रन टाइम भागिले रन काउंट बघत होते.

अर्धविराम

मस्त! एकच सूचना. ते स्टॅट्स चालू असताना प्रत्येक रनच्या आधी आणि नंतर घड्याळ वाचलं जातं, तुमच्या इतक्या छोट्या प्रोग्रॅममध्ये तोही खर्च ठळक दिसतो. तुलना करायला टेस्ट रन वापरा, रिपीटचा आकडा मोठा देऊन. तिथे घड्याळ प्रत्येक फेरीला वाचलं जात नाही.

शून्यवेळ

आणि टेस्ट रनचीही एक बाजू लक्षात घ्या, तिथे तोच प्रोग्रॅम तेच पॅकेट घेऊन सलग फिरतो, कॅश कायम गरम. फुगलेल्या कोडचं नुकसान तिथे दिसणारच नाही. खऱ्या ट्रॅफिकवर पण एकदा बघा.

निळीशाई

दोन्ही करते. खऱ्या ट्रॅफिकसाठी बोर्ड पुढच्या आठवड्यात मिळेल, तेव्हा दोन्ही जिटेड डंप शेजारी शेजारी ठेवून इथेच टाकते. पायवाट, तुमच्यासाठी एक: मी कमिटच्या वर्णनात लिहिलंय की या प्रोग्रॅममध्ये आयडी हेल्पर आणि ॲरे लुकअप, दोन्हींवर प्रोब लावून काही सापडणार नाही.

पायवाट

❤️ हे वाक्य वाचून दिवस चांगला गेला.

मंद्र

डंपची वाट बघतोय. तोवर मी माझ्या प्रोग्रॅममधले आयडी हेल्परचे कॉल मोजले, नऊ निघाले. सगळे एकाच फंक्शनमध्ये.